समुद्राकडच्या खिडकीसाठी आईला जिने चढवू का? (सिराकूझा, ओर्तीजा बेट)

भूगोलबाई

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात शाळेत भूगोल शिकवते. भूमध्य सागरी हवामानाचा धडा सतरा वर्षं शिकवलाय. कोरडा उन्हाळा, हिवाळ्यातला पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं. पण तो समुद्र आजवर नकाशातच बघितला. यंदा मेच्या सुटीत आईला घेऊन सिसिलीला जायचं ठरतंय. धाकटा भाऊ जर्मनीत असतो, तिकिटं तो काढतोय. राहायचं कुठं, ते मी बघायचंय.

आईचं वय ६८. उजवा गुडघा दुखतो, जिना चढते पण एकेक पायरी करत. अंडंसुद्धा खात नाही. समुद्र तिनं आयुष्यात दोनदाच बघितलाय, एकदा गणपतीपुळ्याला आणि एकदा गिरगाव चौपाटीला. दोन्ही वेळा "चला, गाडी सुटेल" म्हणून तिला अर्ध्यातनं उठवून आणलेलं. तिचं एकच म्हणणं आहे, सकाळी डोळे उघडले की अंथरुणातनंच समुद्र दिसावा.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिलं, सिराकूझा शहराच्या ओर्तीजा या जुन्या बेटावरचं नऊ खोल्यांचं छोटं हॉटेल. जुन्या घरातलं, समुद्राच्या कठड्यालगत. लिफ्ट नाही. दुसरं, नव्या शहरातलं मोठं हॉटेल, लिफ्ट आहे, सगळं आहे, पण खिडकीतून रस्ता दिसतो. मुक्काम चार रात्रींचा. छोटं हॉटेल बरंच महाग पडतंय. पैशाचं मी बघते, पण तिथं जाऊन आईचे हाल झाले तर मला सहन होणार नाही. कुणी राहून आलं असेल तर सांगा.

होटगीरोड

ताई, गुडघा आधी. आम्ही ग्रुप टूरनं इटली केली, तेव्हा लिफ्ट नसलेल्या एका हॉटेलात माझ्या वडलांनी दोन दिवस खोलीच सोडली नाही. मोठं हॉटेल घ्या. समुद्राकडं आईंना टॅक्सीनं रोज न्या, हवं तितका वेळ बसवा.

पूर्वभाग_टॉवेल

भूगोलबाई, मी राहून आलेय. ओर्तीजातच, आठ खोल्यांच्या घरात, पाच रात्री, आणि बरोबर ७२ वर्षांच्या सासूबाई होत्या. ऑक्टोबर होता. सविस्तर लिहिते, कारण जाण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस वाया गेले नसते.

आमची चूक आधी सांगते. बुकिंग करताना "समुद्र दिसतो" एवढंच वाचलं आणि पैसे भरले. तिथं गेल्यावर कळलं की खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि समुद्र दिसायला बाल्कनीच्या टोकाला उभं राहून मान डावीकडं वळवायला लागते. इटालियनमध्ये याला वेगळा शब्दच आहे. "विस्ता मारे फ्रोन्ताले" म्हणजे समोर समुद्र, "विस्ता मारे लातेराले" म्हणजे बाजूनं दिसणारा. आणि जुन्या घरांची छतं इतकी उंच असतात की तिथला एक मजला म्हणजे आपले दीड मजले. सासूबाईंनी ६१ पायऱ्या मोजल्या. दगडी पायऱ्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि कठडा एकाच बाजूला. त्या दिवशी त्या वर गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारीच खाली आल्या. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली. मालकीणबाईंनी आपणहून विचारलं, आमच्या बॅगा स्वतः उतरवल्या, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पायऱ्या २२. खिडकी थेट पाण्यावर. मोठ्या हॉटेलात हे झालं नसतं असं मला वाटतं. आठ खोल्यांच्या घरात मालकिणीला माहीत असतं कोणाचा गुडघा दुखतोय.

म्हणून माझं म्हणणं, छोटंच घ्या, पण पैसे भरण्याआधी एक मेल करा. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आकड्यात. मजला विचारू नका, पायऱ्याच विचारा. खिडकी कुठल्या दिशेला, आणि पलंगावर झोपून समुद्र दिसतो की उभं राहूनच, तेही विचारा. दिशेचं तर तुम्ही भूगोलाच्या, तुम्हाला सांगायला नको, पण हॉटेलवाले नीट सांगत नाहीत. ओर्तीजा म्हणजे जेमतेम एक किलोमीटर लांबीचं बेट. त्याची पूर्व बाजू उघड्या आयोनियन समुद्रावर, भूमध्याचाच तो भाग, तिथं सूर्य पाण्यातून उगवतो. पश्चिमेला मोठं बंदर, पाणी शांत, तिथं सूर्यास्त. पूर्वेला "लेवान्ते" म्हणतात, पश्चिमेला "पोनेन्ते". आईंना सकाळ हवी आहे ना? मग लेवान्तेचीच खोली. रात्री हॉटेलात कुणी असतं का, हेही विचारा. आमच्याकडं आठनंतर कुणी नसायचं, दाराचा कोड दिलेला.

लेवान्तेचा एक त्रास आहे. आफ्रिकेकडून येणारं शिरोक्को वारं सुटलं की खिडकीच्या काचा खाऱ्या होतात, लाटांचा आवाज रात्रभर थांबत नाही. आमच्या घरी माग आहेत, टॉवेलचं काम, त्यामुळं कुठंही गेले तरी माझा हात आधी टॉवेलकडं जातो. आम्ही नेलेला सोलापुरी टॉवेल त्या वाऱ्यात बाल्कनीत दोन दिवस वाळला नाही, आणि वाळला तेव्हा मिठानं कडक झालेला. सासूबाई मात्र त्या आवाजात घरच्यापेक्षा शांत झोपल्या. चाळीस वर्षं मागाच्या खटखटाटात झोपलेली बाई, तिला आवाज लागतोच.

न्हाणीघरात बादली नसते, मालकिणीला सांगितलं तर देतात. शॉवरची जागा अरुंद आणि तिला उंबरा असतो, तेवढं जपा. बिदे, म्हणजे बसून धुण्याचं बुटकं भांडं असतं, इटलीत ते घराघरात असतंच, त्यामुळं धुण्याची पंचाईत होत नाही. वयस्कर माणसांना हा फार मोठा दिलासा आहे, कुणी उघड बोलत नाही म्हणून मी लिहिते.

आता बेटावरच का राहायचं. दिवसा तिथं माणसांची रीघ असते. ती संध्याकाळी ओसरते. मग रात्री दहाला आणि सकाळी सहाला ते गाव तुमचं. तिथल्या मुख्य चर्चची भिंत बघाल. अथेना देवीच्या देवळाचे खांब त्या भिंतीतच आहेत, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातले. देवळाचं चर्च झालं, मधल्या काळात अरबांच्या राज्यात मशीद झाली, पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपानंतर पुढचा दर्शनी भाग नव्यानं बांधला. खांब तिथंच. बाजूच्या गल्लीत सासूबाईंनी एका खांबावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "आत कुणाचंही नाव घ्या, भार हाच पेलतोय," म्हणाल्या. गर्दीच्या वेळी गाइडच्या छत्रीमागं पळत असताना असं उभं राहता येत नाही.

तिथून चालत पाच मिनिटांवर आरेथुझाचा झरा आहे. समुद्राला लागून, मधे फक्त एक भिंत, आणि पाणी गोडं. त्यात पपायरसची झुडपं, बदकं. नदीच्या देवापासून पळत आलेली अप्सरा इथं झरा झाली, अशी कथा. सासूबाईंनी हात जोडले. पलीकडं खारं, अलीकडं गोडं, याला तीर्थच म्हणायचं की, असं त्यांचं म्हणणं. आम्ही रोज संध्याकाळी तिथंच बसलो. आर्किमिडीजच्या गावात आणखी पुष्कळ बघण्यासारखं आहे, आम्ही बरंचसं सोडून दिलं. त्याची चुटपुट मला नाही.

जेवणाचं. नाश्ता गोड असतो आणि त्यातल्या गोड पावात, क्रोसाँसारख्या कोर्नेत्तोत, ब्रियोशमध्ये अंडं असतं. साधा ब्रेड, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, फळं मागा. बदामाची ग्रानीता, म्हणजे बर्फाळ सरबत, नुसती घ्या, तिच्यात दूध नाही, अंडं नाही, आणि आवोला गावचे बदाम तिथून जवळचेच. वाळलेला पास्ता रवा-पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात बहुतेकदा अंडं, म्हणून "सेन्त्सा उओवा" म्हणायचं. वांग्याचा पास्ता अल्ला नोर्मा आणि वांग्याचीच आंबटगोड भाजी कापोनाता आईंना आवडेल. मासा कुठंही लपलेला असतो, छोटा खारवलेला, "अच्चुगे" शब्द दिसला की विचारा. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं जमवतात, आई कडक पाळत असतील तर ते नको सांगा.

भूगोलबाई

ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पायऱ्या आकड्यात विचारायचं मला सुचलंच नसतं. आजच मेल करते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेता येते का? आणि मेमध्ये उन्हाचं काय?

कतानियातला_सोलापुरी

मी इथं सिसिलीतच कतानिया शहरात शिकायला आहे, सोलापुरात बाळीवेसेत लहानाचा मोठा झालो. मावशी, शेंगाचटणी, भाकरी बिनधास्त आणा. तूप, पेढे, दुधाचं काहीही नको, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

ऊन मेमध्ये छान असतं, आपल्या सोलापूरच्या मेपुढं काहीच नाही. ऑगस्टमध्ये आणू नका कधी. युरोपातलं सगळ्यात जास्त नोंदलेलं तापमान सिराकूझाजवळचंच आहे, ४८.८ अंश, ११ ऑगस्ट २०२१. वर्गात सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल. मेमध्ये समुद्राचं पाणी मात्र गार असतं.

कतानिया विमानतळावरून सिराकूझाची थेट बस आहे, सव्वा तास लागतो. तिथून बेटावर टॅक्सी करा, बॅगा ओढत दगडी रस्त्यांवरून आजींना चालवू नका. भाऊ गाडी भाड्यानं घ्यायची म्हणाला तर नको सांगा. बेटावर बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, कॅमेरे आहेत, दंडाची चिठ्ठी नंतर येते.

बुकिंगच्या पानावर सी.आय.एन. नावाचा सरकारी नोंदणी क्रमांक आहे का बघा. २०२५ पासून इटलीत पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक जागेला तो लावावाच लागतो. क्रमांक नसेल तर पैसे भरू नका. राहण्याचा शहर-कर माणशी, दर रात्रीचा, बहुधा हॉटेलातच वेगळा द्यावा लागतो. व्हिसा, जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाचा. भावाकडं जास्त दिवस असाल तर जर्मनीचा. फी ९० युरो, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. मुंबईला बोटांचे ठसे द्यायला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेलात तर सकाळी पोचाल.

मेचा पहिला रविवार साधता आला तर बघा. सिराकूझाची राखणदार संत सांता लुचिया, तिची चांदीची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. १६४६ च्या दुष्काळात तिच्या कृपेनं गव्हाचं जहाज आलं अशी श्रद्धा आहे. तिचा मोठा सण १३ डिसेंबरला, तेव्हा इथं अख्खे गहू शिजवून गोड करून खातात, कुच्चीया म्हणतात. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आजीची हुग्गी आठवली. इथं रिकोटा घालतात, आपल्याकडं गूळ. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी जाता आलं नाही त्या वर्षी मी त्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चाललो.

होटगीरोड

पायऱ्यांची संख्या आधी कळत असेल तर माझं म्हणणं मागं घेतो. आम्हाला कुणी विचारायलाच सांगितलं नव्हतं.

भूगोलबाई

मेलचं उत्तर आलं. नऊपैकी दोन खोल्या पहिल्या मजल्यावर, १९ पायऱ्या, दोन्ही बाजूंनी कठडा. एक लेवान्तेला आहे आणि पलंगावरून समुद्र दिसतो, त्यांनी उशीवरून काढलेला फोटोच पाठवलाय. खोली घेतली. चार नाही, पाच रात्री. आईला फोटो दाखवला तर तिनं विचारलं, सूर्य किती वाजता उगवतो तिथं?

पूर्वभाग_टॉवेल

मेच्या मध्यात पावणेसहा ते सहा. आणि एक विसरले होते. तिथल्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात, बंद केल्या की भर सकाळी खोलीत काळोख. खोली लावायला येणारी बाई संध्याकाळी त्या लावून जाते. झोपण्याआधी आठवणीनं उघडा आणि बाहेरच्या आकड्यात अडकवा, नाहीतर वाऱ्यानं आपटतात. आईंना खिडकीकडच्या बाजूला झोपवा.