संकटाच्या काळात आईकडून मुलीकडे विश्वास: रोज नेमकं काय करायचं?

शिदोरी

मातांच्या गटासाठी चार आठवड्यांचा अभ्यास तयार करते आहे. घरात लांबलेलं आजारपण, मृत्यू, कर्ज किंवा आईवडिलांचं वेगळं होणं चालू असताना मुलीच्या मनात ख्रिस्तावरचा विश्वास कसा रुजवायचा, हा विषय आहे. मुली साधारण ८ ते १५ वयाच्या. "प्रार्थना करा, उपासनेला न्या, आदर्श ठेवा" हे सगळ्यांचं ऐकून झालंय, त्यापुढचं हवंय.

रोज किती वेळ द्यायचा आणि काय वाचायचं? आईचाच विश्वास डळमळला असेल तर ते मुलीपासून झाकायचं का? आणि "देव ऐकत का नाही?" असं मुलीने विचारलं तर काय सांगायचं?

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

रूथचा पहिला अध्याय सावकाश वाचा. १:१३ मध्ये नामी सुनांना "माझ्या मुलींनो" म्हणते आणि त्याच दमात परमेश्वराचा हात आपल्याविरुद्ध उठलाय असंही म्हणते. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि ती ते गोड करून सांगत नाही. त्यानंतर तीनच वचनांनी, १:१६ मध्ये, त्यांतली एक सून रूथ म्हणते की तुझा देव तो माझा देव. म्हणजे रूथने नामीचा देव धरला तो नामीची कडवट तक्रार ऐकल्यावर. प्रवचनांत १६ वं वचन हमखास येतं, १३ वं गाळलं जातं. तुमच्या अभ्यासात दोन्ही एकत्र ठेवा.

तेव्हा झाकू नका. पण एक रेघ नीट ओढा. मुलीच्या देखत देवाजवळ गाऱ्हाणं करणं वेगळं आणि देवाबद्दलचं गाऱ्हाणं मुलीजवळ करणं वेगळं. पहिल्यात ती प्रार्थना शिकते. दुसऱ्यात तिला आईची आई व्हावं लागतं. कर्जाचे आकडे, नवराबायकोतले तपशील, "तू नसतीस तर मी जगले नसते" असली वाक्यं मुलीसमोर नकोत, प्रार्थनेतही नकोत. ते ओझं पाळकांजवळ किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बाईजवळ उतरवा.

गाऱ्हाणं करायची रीत स्तोत्र १३ वरून शिकवता येते. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. तेवढ्याच तीन पायऱ्यांवर आईने मोठ्याने तीन वाक्यं बोलायची: "प्रभू, हे कधी संपणार? आज बाबांचा ताप उतरू दे. तू आम्हाला सोडलं नाहीस हे मी धरून आहे." झालं. तिसरं वाक्य त्या दिवशी तोंडून निघत नसेल तर बळेच म्हणू नका. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच आहे आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आईने न मानता म्हटलेलं वाक्य मुलीला लगेच कळतं.

सात_मिनिटं

रोजच्या वेळेबद्दल.

सात ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. घड्याळाची वेळ ठरवू नका. आजारपणात किंवा दुखवट्यात पहिलं कोलमडतं ते वेळापत्रकच. त्याऐवजी काहीही झालं तरी रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला हे जोडा: दिवा मालवणं, वेणी घालणं, अंथरूण टाकणं.

आधी वाचन, ८ ते १० वचनं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, कारण त्यात घडामोडी भराभर पुढे सरकतात आणि शिष्य पुन्हापुन्हा घाबरतात. रोज १० वचनं धरली तर १६ अध्याय साधारण सत्तर दिवसांत होतात. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी २० वाचू नका, राहिलं होतं तिथून पुढे चला. मागचं भरून काढायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं.

मग एकच प्रश्न: "यात तुला खटकलं काय?" "आपण यातून काय शिकलो?" हा नको, त्यावर मुली संडे स्कूलचं पाठ उत्तर देतात. शेवटी दोघींची एकेक वाक्याची प्रार्थना. ८-९ वर्षांची असेल तर आधी आईने, १२ च्या पुढे असेल तर आधी मुलीने. नाहीतर ती आईचंच वाक्य फिरवून म्हणते.

अगदी वाईट दिवसासाठी (इस्पितळातली रात्र, अंत्यविधीचा दिवस) सर्वांत लहान रूप आधीच ठरवून ठेवा: स्तोत्र १३१, तीनच वचनं, आणि प्रभूची प्रार्थना. दोन्ही पाठ हवीत. स्तोत्र १३१ मध्ये दूध तुटलेलं मूल आईजवळ शांत आहे. म्हणजे त्याला हवं होतं ते आता मिळत नाही, तरी ते आईला बिलगून आहे. मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाठांतराचा वेग आठवड्याला एक वचन. स्तोत्र २३ सहा आठवड्यांत होतं. नवं वचन घेताना मागची सगळी एकदा म्हणायची, नाहीतर दोन महिन्यांत पहिली पुसली जातात.

घरात एकापेक्षा जास्त मुलं असतील तर सुझॅना वेस्ली (अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाळकाच्या पत्नी) यांचा क्रम पाहा. नवरा १७०५ मध्ये कर्जापायी तुरुंगात, १७०९ मध्ये घर जळालं, मुलं इतरांच्या घरी पांगली आणि परत आली तेव्हा आधीची शिस्त गेली होती. पुढे त्यांनी प्रत्येक मुलासाठी एकेक संध्याकाळ ठरवली: सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, गुरुवारी जॅकी, म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली. गंमत म्हणजे ही कल्पना सुचली ती तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचून. सुझॅना यांच्या क्रमात मुख्य बाब एकांताची होती. भावंडांसमोर मुलगी शंका बोलत नाही.

कोरी_ओळ

वरच्याला अनुमोदन. त्यात एका वहीची भर घाला, पण जपून.

पानावर तीन रकाने: तारीख, मागणं (मुलीच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता) आणि पुढे काय झालं. बहुतेक घरांत ही वही बिघडते, कारण फक्त मिळालेल्या गोष्टी लिहिल्या जातात. मग मुलीला वाटतं, प्रार्थना म्हणजे अर्ज आणि नामंजूर अर्ज फाडून टाकायचे. म्हणून तिसऱ्या रकान्यात "अजून नाही" आणि "मिळालं नाही" हेही लिहायचं. महिन्यातून एकदा मागची पानं एकत्र वाचायची, रोज नाही.

"देव ऐकत का नाही" यावर: गेथशेमाने, म्हणजे अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. मार्क १४:३५-३६. येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. जो मागत होता तो पुत्रच होता. तेव्हा न मिळणं म्हणजे देव रुसलाय किंवा विश्वास कमी पडला, हा हिशेब तिथेच खोटा ठरतो. "तुझा विश्वास कमी होता म्हणून आजी बरी झाली नाही" हे वाक्य मंडळीतलं कोणी मुलीला म्हणालं, तर आईने तिथल्या तिथे, मुलीच्या समोर खोडून काढावं. घरी येऊन समजावण्याने तेवढं भागत नाही.

मृदू_पण_स्पष्ट

मृत्यूच्या वेळच्या शब्दांबद्दल, कारण नुकसान तिथेच जास्त होतं.

"देवाने नेलं" ऐकून लहान मुलगी देवालाच घाबरते: उद्या आईला नेलं तर? "झोपलेत" ऐकलं की काही मुली रात्री झोपायला भितात. "देवाला चांगली माणसं हवी असतात" हे तर चांगलं वागण्याचीच भीती घालतं. साधं सांगा: "आजोबा वारले. त्यांचं शरीर आता काम करत नाही, त्यांना दुखत नाही. प्रभू येईल तेव्हा तो त्यांना उठवेल, असं आपण मानतो." आणि पुनरुत्थानाची आशा रडं थांबवायला वापरू नका. १ थेस्सलनीका ४:१३ मध्ये पौल आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो, शोकच करू नका असं म्हणत नाही.

योहान ११, म्हणजे लाजराच्या मृत्यूचा अध्याय, या वेळी फार उपयोगी पडतं. त्याच्या बहिणी मार्था (वचन २१) आणि मरीया (वचन ३२) दोघी येशूला जवळपास शब्दशः एकच बोलतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाला तो उत्तर देतो, पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेचं रडणं पाहून तो व्याकूळ होतो आणि ३५ व्या वचनात रडतो. आपली मुलगी त्या घडीला कोणती आहे ते ओळखा. मरीयेला मार्थाचं उत्तर दिलं की ती पुन्हा विचारत नाही, आणि आईला वाटतं की तिचं समाधान झालं.

दोन गोष्टी विश्वासाच्या नावाखाली दडपू नका. झोप, भूक, शाळा दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि प्रार्थनाही चालू ठेवा. घरात मारहाण किंवा गैरवर्तन असेल तर "सहन कर, क्षमा कर" हा धडा त्या वेळी देऊच नका. आधी मुलीला सुरक्षित जागी हलवा. क्षमा करणं म्हणजे त्या माणसाच्या हाती पुन्हा सापडणं नव्हे.

शिदोरी

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांचं साहित्य तर इथेच झालं. एक राहिलं: नवरा विश्वासात नसेल तर? आणि १४-१५ ची मुलगी "मला यायचं नाही" म्हणाली तर?

उंबरठा

नवऱ्याबद्दल पौलाचा सहकारी तीमथ्य याची आई युनीके पाहा. प्रेषितांची कृत्ये १६:१ प्रमाणे तीमथ्याचा बाप ग्रीक होता. २ तीमथ्य १:५ मध्ये पौल विश्वासाचा माग काढतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत, बापाचं नावही येत नाही. आणि ३:१५ मधला "पवित्र लेख" म्हणजे जुना करार, नवा अजून लिहिला जात होता. म्हणजे एका आईला आणि आजीला तेवढ्यावर हे जमलं. मुलीसमोर वडिलांना "अविश्वासी" म्हणू नका. तिला दोघांपैकी एकाला निवडायला लावलं की ती बहुतेक वेळा तिसरंच काही निवडते.

१४-१५ च्या मुलीबद्दल: उपासनेला येणं घराचा नियम म्हणून ठेवायचं असेल तर ठेवा, पण प्रार्थना आणि पाठांतर सक्तीचं करू नका. रात्रीची सात मिनिटं तिच्या खोलीतून काढून तिच्या कानावर पडतील अशा जागी, तुमची तुम्ही चालू ठेवा. दार उघडं. तिला बोलावू नका आणि तिच्या बदलासाठीची प्रार्थना तिला ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणू नका. तो प्रार्थनेच्या आडून मारलेला टोमणा असतो आणि तिला तो बरोबर कळतो.

सात_मिनिटं

एक भर. या वयात पारडं उलटंही फिरतं. चौथ्या शतकातले बिशप निसाचे ग्रेगरी यांनी आपली बहीण मॅक्रिना (मृत्यू ३७९) हिचं चरित्र लिहिलं आहे. आई एमेलियाने तिला लहानपणी कवींच्या कथांऐवजी स्तोत्रं आणि शलमोनाच्या ज्ञानग्रंथातले उतारे शिकवले. उठताना, काम हाती घेताना, जेवताना, निजताना ती स्तोत्रं म्हणायची. पुढे भाऊ नौक्रातियस अचानक गेला तेव्हा आई कोसळली आणि मॅक्रिनाने तिला सावरलं. म्हणून चौथ्या आठवड्यात मुलींना एक काम द्या: त्या आठवड्यात आईसाठी स्तोत्र मुलीने निवडायचं आणि वाचायचं. कोणतं निवडावं हे आईने सुचवायचं नाही. शत्रूला शाप देणारं १०९ निवडलं तरी वाचू द्या. मुलीला राग कशाचा आहे ते त्यातूनच कळेल.