एफव्ही-१ च्या घरगुती पेडलला प्रीसेटचा फूटस्विच कसा जोडावा?

सहातारी
स्पिन कंपनीच्या एफव्ही-१ या इफेक्ट चिपवर गिटारचं डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा) पेडल बांधलंय. प्रोग्राम निवडायला रोटरी स्विच, शिवाय तीन पॉट (फिरवायच्या नॉबचे पोटेन्शिओमीटर). पायाने चार प्रीसेट (साठवलेली सेटिंग्ज) बदलायचे आहेत, पॉटच्या जागांसकट. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड) आहे. जोडणी कशी करू?

खटका
पॉटचे मधले पाय चिपपासून सोडवा आणि प्रो मिनीच्या ए०, ए१, ए२ वर न्या. चिपच्या पॉट पिनांना डी९, डी१०, डी३ वरून पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल, गाळला की स्थिर व्होल्टेज मिळतं) द्या: प्रत्येकी १० किलोओहम सिरीजमध्ये, आणि चिपच्या बाजूने १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. रोटरी काढून चिपच्या प्रोग्राम निवडणाऱ्या एस०, एस१, एस२ या पिना ए३, ए४, ए५ ला.

बहुतेकांचं अडतं ते पीडब्ल्यूएमच्या वेगावर. आर्डुइनोचं नुसतं अॅनालॉगराइट फंक्शन वापरलं तर या बोर्डावर तो सुमारे २४५ हर्ट्झ असतो. मग याच रेझिस्टर-कपॅसिटरच्या फिल्टरमधून मधल्या जागेला ०.३ व्होल्टच्या आसपास रिपल (व्होल्टेजचा चढउतार) उरतो, चिपला पॉट हलतोय असं वाटतं आणि डिलेचा सूर थरथरतो. बोर्डाचे टायमर १ आणि २ फास्ट पीडब्ल्यूएमवर, प्रीस्केलर (घड्याळाचा भाजक) १ ठेवा. वेग ३१.२५ किलोहर्ट्झ होतो, थरथर जाते. टायमर ० ला हात लावू नका, वेळ मोजणारं मिलिस फंक्शन त्यावर चालतं. डी५-डी६ त्याच टायमरवर आहेत, म्हणूनच टाळले.

एसच्या तिन्ही पिना एकाच वेळी पोर्ट सी वर (ए३-ए५ ज्या रजिस्टरमध्ये आहेत त्यावर) लिहा. एकेक बदलल्या तर ०११ वरून १०० ला जाताना भलताच प्रोग्राम लागू शकतो.

५ व्होल्टचा प्रो मिनी चुकूनही नको, चिप जाईल.

तांबडी_तार
स्विच मोमेंटरीच (दाबेपर्यंतच जोडलेला राहणारा) घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसता ‘पेडलचा स्विच’ मागितला तर लॅचिंग थ्रीपीडीटी (सोडल्यावरही त्याच स्थितीत अडकून राहणारा) हातात पडू शकतो. मीटर बीपवर ठेवून दाबा. सोडल्यावर बीप थांबला पाहिजे.

स्विच डी२ ते ग्राउंड, बोर्डाच्या आतला पुलअप रेझिस्टर चालू, डीबाउन्स (संपर्काची थरथर दुर्लक्षायचा वेळ) ३० मिलिसेकंद. दाबून सोडलं की पुढचा प्रीसेट, एक सेकंद धरलं की सेव्ह. प्रत्येक प्रीसेटला चार बाइट (प्रोग्राम आणि तीन पॉट), म्हणजे चार प्रीसेटना १६ बाइट पुरतात. ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) फक्त सेव्हच्या वेळीच लिहा, प्रत्येक बाइटची हमी एक लाख लेखनांचीच आहे.

प्रीसेट लागला की पॉटचं त्या क्षणाचं रीडिंग धरून ठेवा. १०२४ पैकी ३० पेक्षा जास्त फरक पडेपर्यंत पॉटकडे दुर्लक्ष, नाहीतर सेव्ह केलेली किंमत लगेच पुसली जाते.

सहातारी
प्रीसेट बदलताना डिलेची शेपटी (विरत जाणारे प्रतिध्वनी) तुटेल का?

खटका
प्रोग्राम बदलला तर तुटणारच, एका चिपमध्ये दोन प्रोग्राम एकत्र चालत नाहीत. ड्राय (इफेक्ट नसलेला) सिग्नल चिपबाहेरून ऑपअँपने मिसळा, म्हणजे गिटार तरी थांबत नाही. एकाच प्रोग्रामचे दोन प्रीसेट असतील तर एस पिना हलत नाहीत, फक्त पॉटच्या किंमती बदलतात आणि शेपटी शाबूत राहते. गाण्याच्या मध्यात बदलायचे प्रीसेट असेच शेजारी ठेवा.