रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लीहा काढली तर तिचे तुकडे परत बसवून बघायचे की नाही?

तांबडी पेशी:

रक्ताच्या कॅन्सरवरचं क्लिनिकल रिसर्च मी बरीच वर्षं वाचतेय आणि एक गोष्ट राहून राहून खटकते. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांच्या आड बसलेली जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅमची पाणथरी, ती औषधाने किती लहान झाली हे सगळे अगदी मन लावून मोजतात. मायलोफायब्रोसिस (अस्थिमज्जेत चट्टे पडतात आणि प्लीहा फुगते असा रक्ताचा कॅन्सर) यावरच्या रुक्सोलिटिनिब या औषधाला 2011 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती मुख्यतः याच मोजमापावर. 24 आठवड्यांत प्लीहेचं आकारमान 35 टक्के किंवा त्याहून जास्त घटलेले पेशंट किती, तर औषधाच्या गटात 41.9 टक्के आणि प्लासिबोच्या गटात 0.7. चांगलंच आहे, त्या लोकांच्या पोटातलं ओझं कमी झालं. पण ज्यांची प्लीहा काढूनच टाकली त्यांचं पुढे काय, तिचं काम कोण करणार, यावर ट्रायल कुठे आहेत?

प्लीहा गेली की न्यूमोकोकससारख्या कवचवाल्या जंतूंना रक्तातून गाळणारी चाळणीच जाते. प्लीहा काढलेल्या लहान बाळांना भयंकर सेप्सिस (रक्तातून अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग) होतो हे किंग आणि शुमाकर यांनी 1952 मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि तरीही 1960 च्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं हॉजकिन लिम्फोमात (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरात) नुसती स्टेज, म्हणजे आजार किती पसरलाय ते, ठरवायला पोट उघडून प्लीहा काढायचे, शाळकरी मुलांचीसुद्धा! त्यातल्या कितीतरी प्लीहांमध्ये कॅन्सर सापडायचाच नाही. मुलं हॉजकिनमधून बरी झाली आणि जन्मभर सेप्सिसची टांगती तलवार डोक्यावर घेऊन जगली.

माझं म्हणणं असं की काढलेल्या प्लीहेचे पातळ काप करून ओमेंटममध्ये, म्हणजे आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा असतो त्यात, शिवायचे. ही काही नवीन कल्पना नाहीये, अपघातात फुटलेल्या प्लीहेबाबत सर्जन हे करत आलेत. निसर्गही करतो, फुटलेल्या प्लीहेचे कण पोटात सांडून आपसूक रुजतात, त्याला स्प्लेनोसिस हे नाव 1939 पासून आहे. मग रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना यातून कायमचं वगळून का ठेवायचं? व्यवस्थित ट्रायल व्हायलाच हवी.

कडूनिंब:

ताई, कळकळ पोचली, पण मी ठाम विरोधात आहे. रक्तविकारांच्या वॉर्डात काम करतो म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लीहा ही बाजूला उभी राहून बघणारी नसते, आजाराचं ते राहतं घर असतं. हेअरी सेल ल्युकेमियात तिचा लाल गर कॅन्सरपेशींनी गच्च भरलेला असतो, प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा तर तिच्या पांढऱ्या गरातच सुरू होतो. मायलोफायब्रोसिसच्या पेशंटच्या प्लीहेत कॅन्सरच्या मूळपेशी राहतात आणि त्या उंदरांत घातल्या तर तिथेही वाढतात हे 2012 मध्ये छापून आलंय. तुम्ही म्हणता ते तुकडे परत पोटात ठेवायचे? म्हणजे जो आजार काढायला पोट उघडलं तोच आपल्या हाताने परत पेरायचा.

हॉजकिनमधल्या स्वच्छ प्लीहांचं म्हणाल तर ती स्वच्छ होती हे कळायचं केव्हा? तुकडे त्याच ऑपरेशनमध्ये बसवावे लागतात, ऊतक ताजं असताना, आणि पॅथॉलॉजीचा पक्का रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. टेबलावर असतानाच गोठवून काप बघा असं कुणी म्हणेल, पण लिम्फोमाच्या बारीक गाठी शोधायला त्यावर भरवसा ठेवता येत नाही, खास रंग देऊन, मार्कर लावून बघावं लागतं. आणि नेमका जो काप तपासला नाही तोच पोटात गेला तर?

आणखी एक, रक्ताच्या कॅन्सरसाठी प्लीहा काढणंच आता कमी होत चाललंय. हेअरी सेलला 1990 पासून क्लाड्रिबिन हे औषध आहे, मार्जिनल झोनला रिटुक्सिमॅब हे औषध, हॉजकिनची स्टेज सीटी आणि पेट स्कॅनवर ठरते. मायलोफायब्रोसिसमध्ये अजून कधीकधी काढतात पण ते ऑपरेशन जीवावरचं आहे, मेयो क्लिनिकने 2000 मध्ये 223 पेशंटचा अनुभव छापला त्यात ऑपरेशनशी निगडित मृत्यू 9 टक्के होते. अशा माणसाला टेबलावर अर्धा तास जास्त ठेवून काप शिवत बसायचं, मला नाही पटत.

तांबडी पेशी:

मायलोफायब्रोसिस आणि हेअरी सेल मी सोडून देते, तिथे तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण 'रक्ताचा कॅन्सर' म्हटलं की प्रत्येकाची प्लीहा बाधितच असं नाही ना. स्वादुपिंडाच्या शेपटीचं ऑपरेशन करताना प्लीहा जाते, अपघातात जाते, आणि असा माणूस आधी लिम्फोमातून बरा झालेला असू शकतो. शिवाय उलट्या दिशेनेही बघा, कॅन्सर नसताना प्लीहा काढलेल्या 8,149 अमेरिकन माजी सैनिकांचा 27 वर्षांपर्यंतचा मागोवा 2014 मध्ये आला, त्यात न्यूमोनिया, सेप्सिस, रक्ताच्या गुठळ्या तर वाढलेल्या होत्याच पण लिम्फोमा, मायलोमा, ल्युकेमियाही वाढलेले दिसले. म्हणजे प्लीहा नसणं आणि रक्ताचा कॅन्सर यांचं काहीतरी नातं आहे. बसवलेले तुकडे हा धोका कमी करतात का हे कुणीतरी बघायला नको?

दशांश:

मी आकडेवारीत काम करतो, विरोध नाही आणि पाठिंबाही नाही, पण ट्रायल हवी ट्रायल हवी असं म्हणताना ती किती मोठी लागेल ते एकदा बघू.

समजा प्लीहा नसलेल्या हजार माणसांत वर्षाला 3 जणांना तो भयंकर सेप्सिस होतो, हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय. पाच वर्षांत झाले 15, म्हणजे दीड टक्का. तुकडे बसवून तो निम्मा होतो असं सिद्ध करायचं तर नेहमीच्या हिशोबाने एकेका गटात साधारण 3,100 माणसं लागतात. दोन्ही मिळून सहा हजारांवर, आणि सगळी पाच वर्षं नजरेखाली. कडूनिंब म्हणतात तसं ऑपरेशनच कमी होत चाललंय, तर इतके पेशंट आणणार कुठून? नंतर होणाऱ्या कॅन्सरसाठी ट्रायल करायची तर याहून मोठी आणि कितीतरी लांब. आणि त्या सैनिकांच्या मागोव्यावरून प्लीहा नसल्यामुळे कॅन्सर झाला असं थेट म्हणता येत नाही हेही लक्षात घ्या, प्लीहा ज्या कारणासाठी काढली तो आजारच मूळ असू शकतो.

मग लोक पर्यायी मोजमापं वापरतात. स्कॅनमध्ये तुकडा दिसतो का, लाल पेशींमध्ये हॉवेल-जॉली बॉडीज (निरोगी प्लीहा काढून टाकते ते केंद्रकाचे उरलेसुरले ठिपके) दिसायच्या थांबल्या का. हे बघायला शे-दोनशे माणसं पुरतात. पण इथेच खरी गोम आहे. पोटात रुजलेलं प्लीहेचं ऊतक होतं, आणि तरीही माणसं न्यूमोकोकसच्या सेप्सिसने गेली, अशा नोंदी आहेत. मूळ प्लीहेला स्वतःची मोठी धमनी असते, रक्ताचा लोंढा तिच्यातून जातो. ओमेंटममधल्या तुकड्याला नव्याने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं, त्यामुळे तो जुन्या लाल पेशी साफ करेलही पण रक्तात जंतू झपाट्याने वाढत असताना वेळेत पुरा पडेल याची खात्री नाही. स्कॅन सुंदर आला म्हणून पेशंट सुरक्षित आहे असं मी तरी लिहून देणार नाही.

रात्रपाळी:

सगळ्यांचं वाचलं. मी नर्स आहे आणि माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे.

माझ्या मावसभावाची प्लीहा लिम्फोमात काढली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे ते होतं, जड उचलू नका होतं, फॉलोअपची तारीख होती. ताप आला तर काय करायचं याची एक ओळ नव्हती. पुढे कधीतरी संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप आला, घरच्यांनी तापाची गोळी देऊन झोपवलं, सकाळी बोटांची टोकं जांभळी पडलेली आणि बीपी लागत नव्हतं. जीव वाचला पण पायाची काही बोटं गेली. मी त्या वेळी दुसऱ्या गावात होते, फोनवर नुसतं ऐकलं असतं तरी धाडलं असतं त्याला रात्रीच.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या लसी ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर निदान दोन आठवडे आधी, अचानक करावं लागलं तर दोन आठवड्यांनी. घरात अँटिबायोटिक तयार ठेवायचं, ताप आला की पहिला डोस घ्यायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. प्लीहा नाही असं लिहिलेलं कार्ड खिशात. एवढं साधं काम जगभर अर्धवट होतं आणि आपण काप शिवायच्या ट्रायलवर पैसा घालवायचा?

तांबडी पेशी:

रात्रपाळी ताई, वाचून पोटात कालवलं. तुमचं एकेक वाक्य खरं आहे. पण लसीचंच घ्या, रिटुक्सिमॅब घेतलेल्या लिम्फोमाच्या पेशंटला त्यानंतर निदान सहा महिने लस नीट लागत नाही कारण अँटिबॉडी तयार करायला बी पेशीच उरलेल्या नसतात. म्हणजे ज्याला संरक्षण सगळ्यात जास्त हवं त्याच्याच बाबतीत तुमचा उपाय लंगडा पडतो. मी त्याच माणसासाठी भांडतेय.

कडूनिंब:

आणि त्याच माणसाला तुकडा बसवून काय मिळणार? रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी पेशी मारतं तशा प्लीहेतल्याही मारतं. गर आहे पण त्यात राहायला पेशी नाहीत. त्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) लागेल, प्रतिबंधक अँटिबायोटिक लागेल, आणि घरातल्या बाकीच्यांनी लसी घेणं याचा उपयोग जास्त.

ऊतक वाचवायचं असेल तर ते जागेवरच वाचवा ना. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसच्या (लाल पेशी गोल होऊन लवकर फुटतात असा आनुवंशिक आजार) मुलांमध्ये प्लीहेचा काही भाग तिच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसकट ठेवतात, तिथे दशांश म्हणाले ती रक्तपुरवठ्याची अडचणच येत नाही. संशोधनाचा पैसा तिकडे जाऊ दे.

जुनी नोंदवही:

या विषयाचा इतिहास कुणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वाटच मुळात प्लीहेपासून सुरू झाली. 1949 मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकली आणि बाकी अंगाला मारक किरणोत्सर्ग दिला, तर उंदीर जगले. पुढे किरणोत्सर्ग दिल्यावर दुसऱ्या उंदराच्या प्लीहेचं ऊतक पोटात ठेवलं तरी जगले. जेकबसन यांना वाटलं प्लीहेतून काहीतरी द्रव पदार्थ सुटत असावा, 1950 च्या दशकाच्या मध्याला गुणसूत्रांच्या खुणेवरून कळलं की पेशीच स्थलांतर करून नवीन रक्त बनवतायत. 1961 मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलक यांना मूळपेशींचा पुरावा मिळाला तोही उंदराच्या प्लीहेवर उठलेल्या गाठींमधूनच. म्हणजे ल्युकेमियातून बरा होऊन घरी जाणारा प्रत्येक ट्रान्सप्लांट पेशंट या प्रयोगांचा देणेकरी आहे, मला हे वाचलं की अजूनही भरून येतं.

पण यावरून माणसाबद्दल लगेच निष्कर्ष नको. उंदराची प्लीहा जन्मभर रक्त बनवते, माणसाची निरोगीपणी जन्माच्या आधीच ते काम जवळजवळ सोडते. दात्याची प्लीहाही बसवून झालीय, 1960 च्या दशकात डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांच्या गटाने माणसांत प्रयत्न केले, टिकणारा फायदा झाला नाही. प्लीहेत दात्याच्या लिम्फोसाइट ठासून भरलेल्या असतात, त्या उलट पेशंटवरच हल्ला करतात, ग्राफ्ट व्हर्सस होस्ट.

एक प्रश्न:

काढलेली प्लीहा कुणाची, यावर कुणीच बोलत नाहीये. जॉन मूर यांची प्लीहा हेअरी सेल ल्युकेमियासाठी 1976 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलात काढली, तिच्या पेशींपासून सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) तयार झाली, 1984 मध्ये पेटंट मिळालं आणि हे सगळं त्यांना न सांगता. 1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पेशींवर मूर यांची मालकी नाही, पण डॉक्टरचा संशोधनातला आणि पैशातला रस पेशंटला आधी सांगायलाच हवा होता. तुमच्या ट्रायलमध्ये काही काप पोटात जातील, उरलेले कुठे जाणार? संमतीपत्रात हे पहिल्या पानावर हवं.

तांबडी पेशी:

हवंच, आणि आधीच्या रात्री सही घेऊन नाही, पेशंटला घरी नेऊन विचार करायला वेळ देऊन.

मग माझा प्रस्ताव आता असा. सुरुवात फक्त अपघातात किंवा स्वादुपिंडाच्या साध्या गाठीसाठी प्लीहा गेलेल्यांपासून. दशांश, स्कॅन मुख्य मोजमाप धरायचा नाही. आयजीएम मेमरी बी पेशी (कवचवाल्या जंतूंविरुद्ध लढणाऱ्या, प्लीहेवर अवलंबून असणाऱ्या पेशी) आणि न्यूमोकोकसच्या लसीला मिळालेला अँटिबॉडीचा प्रतिसाद वर्षाने मोजायचा, सेप्सिस आणि कॅन्सर यांची नोंद रजिस्ट्रीत पुढे चालू ठेवायची. त्यात जमलं तर दुसऱ्या टप्प्यात लिम्फोमातून बरे होऊन बरीच वर्षं झालेले, पेट स्कॅन स्वच्छ असलेले लोक घ्यायचे.

दशांश:

पहिला टप्पा मला चालेल. फक्त अँटिबॉडी वाढली म्हणून सेप्सिस टळला असं निष्कर्षात लिहायचं नाही, हे ट्रायल सुरू व्हायच्या आधी जाहीर करा.

रात्रपाळी:

दोन्ही गटांना सगळ्या लसी, कार्ड आणि घरात अँटिबायोटिक, आणि तुकडे बसवलेल्यांना 'आता तुम्ही सुरक्षित' असं कुणीही म्हणायचं नाही. हे लेखी असेल तर माझा विरोध नाही.

कडूनिंब:

पहिल्या टप्प्याला माझीही हरकत नाही. दुसऱ्याला आहे आणि राहणार. लिम्फोमा बरा होऊन दहा वर्षांनी उलटलेले पेशंट मी बघितलेत, आणि पेट स्कॅनला काही मिलिमीटरची गाठ दिसत नाही. आधी लिम्फोमा झालेल्या माणसाच्या प्लीहेचा तुकडा मी तरी परत ठेवू देणार नाही.

तांबडी पेशी:

तो धोका पेशंटला आकड्यांसकट सांगून त्याला ठरवू द्यावं असं मला वाटतं, तुम्ही त्याच्या वतीने आधीच नाही म्हणताय. इथे आपलं जमत नाहीये. पहिल्या टप्प्याचा मसुदा मी लिहायला घेते, संमतीपत्राचा भाग 'एक प्रश्न' यांनी बघावा आणि तापाच्या सूचना रात्रपाळी ताईंनी.