घाटात टेम्परेचर चढतं, गावात काहीच नाही – हेड गॅस्केट की रेडिएटर?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी टर्बो डिझेल, २०१४ ची, १,३२,००० किमी झालेत. पुण्यात ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी राहिली तरी काटा मधोमध, फॅनही वेळेवर लागतो. पण खंबाटकी चढायला लागलो, टर्बोने जोर धरला की काटा सरसर वर. उतार लागला की पुन्हा जागेवर.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. आता म्हणतो रेडिएटर बदला. मला पटत नाहीये, संशय हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) आहे. महिन्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं, खाली थेंबही नाही. काल सकाळी, रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबला तर दगडासारखा कडक! झाकण सैल केलं तर फुस्स. थंड इंजिनात प्रेशर येईलच कुठून? ऑइल मात्र स्वच्छ आहे, दुधाळ नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं दिसत नाही.

टर्बोच्या दाबाखालीच गॅस्केटमधून इंजिनातला जळलेला गॅस कूलंटमध्ये जात असेल का? निळ्या द्रावणाची टेस्ट (गॅस लागला की द्रावणाचा रंग बदलतो ती) पुण्यात कोण करतं? हेड उघडलंच तर फेसिंगसकट (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) अंदाजे खर्च किती? पुढच्या आठवड्यात आईला घेऊन कोल्हापूरला जायचंय, तोवर गाडी न्यावी की एसटीच बरी?