मुलीचा ल्युकेमिया उलटला आहे: लगेच ट्रान्सप्लांट, की पुन्हा कीमो?

ऐरोलीचे_बाबा
नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे बी-सेल एएलएलचे (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) उपचार संपून सव्वा वर्ष झाले होते. गेल्या महिन्यात नेहमीच्या रक्ततपासणीत ब्लास्ट पेशी (अपक्व, आजारी पेशी) दिसल्या आणि बोन मॅरोच्या तपासणीत आजार उलटल्याचे निश्चित झाले. एका डॉक्टरांच्या मते आजार आटोक्यात येताच ट्रान्सप्लांट (दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण) करावे, तर दुसऱ्यांच्या मते कीमोच्या पहिल्या टप्प्यानंतरच ठरवावे. धाकट्या मुलाचे एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरील खुणा) जुळत नाही. माझी आई म्हणते, पोरीचे पुन्हा हाल करू नका, आणि तिला कोणीतरी एका वैद्यांचे नाव सुचवले आहे. आपण असा निर्णय कशाच्या आधारावर घेतलात? कार-टी उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरणे) मुलीला मिळू शकेल का?

खारघरची_आई
दोन्ही डॉक्टर परस्परविरोधी बोलत आहेत, असे मला वाटत नाही. आजार उपचार चालू असतानाच उलटला, की ते संपून सहा महिने लोटल्यावर, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि तुमची मुलगी दुसऱ्या, तुलनेने बऱ्या गटात बसते. खरा कौल एमआरडीचा, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आजारी पेशींच्या तपासणीचा. पहिल्या टप्प्यानंतर दहा हजार पेशींत एकही आजारी पेशी सापडत नसेल, तर अशा मुलांना बऱ्याचदा ट्रान्सप्लांटशिवाय पुढे नेता येते. सापडत असेल, तर ट्रान्सप्लांटकडे वळावे लागते. आमच्या मुलाची एमआरडी पॉझिटिव्ह आली, म्हणून त्याच्या बाबांच्या, एचएलए निम्मेच जुळणाऱ्या, मूलपेशी घेतल्या. भावंड जुळले नाही म्हणजे दार बंद झाले, असे समजू नका. मात्र ते दिवस कठीण असतात. त्याला बाहेरचा डबा चालत नसे, आणि काचेपलीकडून तो बहिणीला फोनवर रोज एकच विचारी, आज भाजी कुठली केली? आता तो शाळेत जातो, पण जीव्हीएचडीमुळे (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो त्रास) त्वचेची औषधे अजून चालू आहेत. ही बाजूही डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

वॉर्डातला_डॉक्टर
मी बालकर्करोग विभागात काम करतो. मुलीची फाइल पाहिलेली नसल्यामुळे सर्वसाधारण तेवढेच लिहितो. नेक्सकार19 या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, ती 15 वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी. त्यामुळे लहान मुलांसाठी एखादी चाचणी चालू आहे का, हे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र) विचारावे. ब्लिनाटुमोमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबद्दलही विचारा: ते पंपाने सलग 28 दिवस दिले जाते, काही रुग्णांत कीमोच्या काही फेऱ्यांची जागा घेते, पण महाग आहे. वैद्यांचे औषध कीमोसोबत डॉक्टरांना न सांगता अजिबात देऊ नका. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचा यकृतावर आधीच ताण असतो. आणि काउंट (रक्तातील पांढऱ्या पेशी) पडलेले असताना ताप 100.4 झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

कळव्याहून
आजींचे म्हणणे अडाणीपणाचे म्हणून उडवून लावू नये, असे मला वाटते. मुलीचे हाल किती होतील, हा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर वैद्यांकडे नाही. आमच्याकडे भाचीच्या वेळी पॅलिएटिव्ह केअरच्या (वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांना पहिल्यापासून सोबत घेतले होते. त्या विभागात गेलो म्हणजे आशा सोडली, हा गैरसमज आमच्याही घरात होता, पण वेदना आणि उलट्या आटोक्यात आल्यावर भांडणे आपोआप निवळली. आजींना एकदा डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणखी एक गोष्ट: दान केलेल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना एकाच दिवशी रक्तपेढीत नेऊ नका, पाळ्या लावा. खर्चासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

ऐरोलीचे_बाबा
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी आईला सोबत नेतो आहे. एमआरडीची तपासणी नेमकी कोणत्या दिवशी होणार आणि पॉझिटिव्ह आली तर दाता मी की मुलीची आई, हे दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवले आहेत. मुलीला आजार परत आल्याचे अजून सांगितलेले नाही, पण सलाईन लावताना ती नर्सला स्वतःहून म्हणाली, डाव्या हाताची शीर मिळत नाही, उजवा घ्या. तिला बरेच कळलेले दिसते. नऊ वर्षांच्या मुलीला हे कोणत्या शब्दांत सांगावे, याबद्दल कोणी लिहिले तर उपकार होतील.