स्वतः वेबसाइट उभारणारे सगळे कंजूषच असतात काय?

स्वयंभू :
तयार टेम्प्लेट घेऊन जो स्वतःची वेबसाइट स्वतः उभारतो, त्याला आपल्या व्यवसायाचे गांभीर्य नसते आणि त्याला फक्त पैसे वाचवायचे असतात, असे एका डिझायनर महाशयांनी नुकतेच लिहिले आहे. हे वाचून गप्प बसणे अशक्य झाले, म्हणून हा धागा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तयार केलेला पहिला ब्राउझर पाने वाचण्यासाठी होता तसाच ती लिहिण्यासाठीही होता; म्हणजे वाचणाऱ्याने लिहावे, ही सोय या माध्यमात पहिल्यापासून होती. वेबसाइट उभारण्याची वर्डप्रेस ही प्रणाली २००३ पासून विनामूल्य मिळते, आणि लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे २०१५ पासून सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही फुकट मिळू लागले. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला चार-पाच पाने पुरतात, आणि त्यांतला मजकूर त्याच्याइतका दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसतो. माझ्या परिचयातील एका सल्लागाराला साधा दूरध्वनी क्रमांक बदलून घेण्यासाठी डिझायनरची मनधरणी करावी लागली होती. हे कुठले गांभीर्य?

रेषाकार :
ते विधान उद्धट होते हे मान्य. चुकीचे होते हे मान्य नाही. टेम्प्लेट निवडणे म्हणजे डिझाइन करणे नव्हे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे आपल्याला मोहक वाटतात, परंतु सुगम्यतेच्या, म्हणजे अधू दृष्टीच्या माणसालाही पान वापरता यावे यासाठीच्या, निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराला ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो, हे किती हौशी मंडळींना माहीत असते? कॅमेऱ्यातून काढलेले छायाचित्र आहे त्याच वजनाने चढवायचे, आणि मग पान मोबाइलवर उघडत नाही म्हणून इंटरनेटला बोल लावायचा! पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे मापदंड सांगतात. माझ्याकडे आलेल्या एका ग्राहकाने स्वतः केलेल्या साइटवरचा संपर्क फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणत होता, मात्र डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, डीएनएसमध्ये (ते नाव कोणत्या सर्व्हरशी जोडायचे हे सांगणाऱ्या नोंदवहीत) एसपीएफची, म्हणजे त्या नावाने ईमेल कोणी पाठवावी हे सांगणारी, नोंदच नसल्यामुळे सगळे निरोप स्पॅममध्ये जात होते. धंदा मंदावला आहे, अशी त्या गृहस्थांची समजूत झाली होती.

त्रस्त कार्यवाह :
कॉन्ट्रास्टचे राहू द्या. डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारा. आमच्या संस्थेने रीतसर व्यावसायिक डिझायनर नेमला होता. त्याने साइट देखणी केली, पण डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. पुढे त्याने व्यवसाय सोडला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहिल्या आणि मुदत संपली. डॉट कॉमसारखे डोमेन रद्द झाल्यानंतरही ३० दिवस परत मिळवता येते. मात्र ती विनंती ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानेच करायची असते. आज आमच्या नावाच्या त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकतात, आणि जुन्या सभासदांना खुलासे मी देत बसतो.

रेषाकार :
एका बेजबाबदार माणसापायी साऱ्या व्यवसायावर चिखलफेक करण्याचे कारण नाही. ग्राहकांचे प्रतापही सांगू का? ‘मजकूर उद्या देतो’ म्हणणारा ग्राहक महिनोन्महिने मजकूर देत नाही. डोमेन तुमच्या नावावर घ्या म्हटले, की ‘ती कटकट तुम्हीच सांभाळा’ हे उत्तर ठरलेले असते. कटकट सोपवताना मालकीही सोपवली जाते, हे तेव्हा कोणी लक्षात घेत नाही.

त्रस्त कार्यवाह :
म्हणजे चोरी झाली तर दोष घरमालकाचाच! आपण व्यावसायिक आहात ना? मग नोंदणीत मालक कोण आणि व्यवस्थापक कोण, हे आम्हाला समजावून सांगणे हे आपलेच काम आहे. मानधन घेताना तज्ज्ञ आणि जबाबदारी आली की अनभिज्ञ, हे चालणार नाही.

जुना प्रोग्रामर :
दोन्ही बाजूंनी आवाज चढला आहे, म्हणून दोघांनाही दुखावतो. स्वयंभू, आपण वर्डप्रेसचे नाव घेता, पण बरेच हौशी लोक वळतात ते विक्ससारख्या, साइट आपल्याच सर्व्हरवर उभारून देणाऱ्या सेवांकडे. तिथे डोमेन आपले असले तरी उभारलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. जिओसिटीज या फुकट पाने ठेवू देणाऱ्या जुन्या सेवेवर ज्यांनी हौसेने पाने केली, त्यांची पाने २००९ मध्ये याहूने ती सेवा आवरली तेव्हा गेली. आणि रेषाकार, आपल्या बांधवांनी भरपूर मानधन घेऊन केलेल्या, फ्लॅश या अॅनिमेशनच्या तंत्रावर चालणाऱ्या साइट आठवतात का? अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला, त्याच्या कितीतरी आधीच आयफोनवर त्या दिसत नव्हत्या.

स्वयंभू :
वर्डप्रेसचा मजकूर निर्यात करता येतो, म्हणूनच मी ते वापरतो. बाकी आरोप इतरांचे आहेत, ते त्यांनी पाहावेत.

रेषाकार :
आणि त्याच वर्डप्रेसचे प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, अद्ययावत न केल्यामुळे साइट हॅक झाली, की रात्री-अपरात्री दूरध्वनी आम्हालाच येतो.

स्वयंभू :
मला तरी आजवर तो करावा लागलेला नाही. तरीही आपल्या समाधानासाठी एवढे कबूल करतो की, ज्या साइटवर लोक पैसे भरणार आहेत आणि ज्यांची माहिती आपल्याला सांभाळायची आहे, ती मी एकट्याने उभारणार नाही. चार पानांच्या परिचयासाठी मात्र आपल्या दारी येणार नाही.

रेषाकार :
येऊ नकाच. चार पानांची कामे मीही नाकारतो, कारण त्यांच्यासाठीच सर्वांत जास्त दुरुस्त्या सांगितल्या जातात. आणि कार्यवाहांसाठी : यापुढे डोमेन ग्राहकाच्याच खात्यातून घेतल्याशिवाय मी काम सुरू करणार नाही. झाले समाधान?

त्रस्त कार्यवाह :
अर्धे. आम्ही नवा डिझायनर नेमला आहे. डोमेन मी स्वतः संस्थेच्या नावावर नोंदवले आणि पासवर्ड त्याने मागूनही दिलेला नाही.

रेषाकार :
मग डीएनएसच्या नोंदी काय आपण स्वतः बदलणार?

त्रस्त कार्यवाह :
होय. काय बदलायचे ते त्याने लिहून द्यायचे, बदलणार मी.