एडटेक कंपनीतील प्रॉडक्ट मॅनेजमेंट इंटर्नशिप : हाती नेमके काय लागते?

बाळीवेसकर :

नमस्कार. मी सोलापुरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातील एका एडटेक (तंत्रज्ञानातून शिक्षण देणाऱ्या) कंपनीकडून प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या, म्हणजे अ‍ॅपमध्ये काय आणि कोणासाठी करायचे हे ठरवण्याच्या कामाच्या, इंटर्नशिपसाठी विचारणा झाली आहे. कंपनीचे अ‍ॅप आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे सराव संच हा त्यांचा मुख्य भर आहे. माझे कोडिंग बरे आहे; परंतु वर्गातील बहुतेक मित्र डेव्हलपर म्हणून जाणार असल्याने, प्रॉडक्टमध्ये स्वतः काही घडवायचे नसते, नुसत्या बैठका घ्यायच्या असतात, असे मला रोज ऐकावे लागते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की यात खरोखर काय शिकायला मिळते, शिक्षणक्षेत्र असल्यामुळे काय वेगळे असते आणि एमबीए नसलेल्याला पुढे वाट आहे का. घरून काम करण्याचीही मुभा आहे. ती घ्यावी की पुण्याला जावे, हे ठरत नाही.

पूर्वभाग :

बैठकांबद्दल तुमचे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे. मात्र बैठकीत जो प्रश्न मांडायचा तो आधी शोधून काढावा लागतो, आणि इंटर्नला शिकण्यासारखे जे काही असते ते बहुतेक त्या शोधातच असते. मी अशीच इंटर्नशिप करून पुढे याच कामात राहिलो; एमबीए केलेले नाही आणि त्यावाचून अडलेही नाही.

शिक्षणाच्या अ‍ॅपमध्ये वापरणारा एक, पैसे भरणारा दुसरा आणि 'हे घ्या' म्हणून सांगणारा तिसरा असतो. विद्यार्थ्याला अडलेले उदाहरण सुटायला हवे असते, पालकांना पोर अभ्यास करते आहे याची खात्री हवी असते आणि शिक्षकांना आपला वर्ग आपल्या हातून निसटू नये असे वाटत असते. कोणतेही फीचर सुचवताना ते या तिघांपैकी कोणासाठी आहे, हे कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहायचे, ही सवय मला तेथे लागली. तसे लिहायला बसले की निम्म्या कल्पना तेथेच गळून पडतात.

एक उदाहरण देतो. संध्याकाळच्या वेळी लॉगिन अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण आमच्या डॅशबोर्डवर (वापराचे आकडे दाखवणाऱ्या पानावर) ठळक दिसत होते. ओटीपीचा मेसेज उशिरा पोहोचत असावा, असा टीमचा कयास होता आणि मेसेज पाठवणारी सेवा बदलण्याची बोलणीही सुरू झाली होती. मी सुटीसाठी सोलापूरला आलो असताना गल्लीतील दहावीच्या काही मुलांना समोर बसवून लॉगिन करायला सांगितले. एका मुलीने आईचा फोन घेतला, नंबर मात्र वडिलांचा टाकला, कारण नोंदणी त्यांच्या नावावर झाली होती. वडील दुसऱ्या पाळीला यंत्रमागावर. त्या खडखडाटात फोन वाजला तरी ऐकू यायचा नाही. तिने दोनदा ओटीपी मागवला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले, फोन पालथा ठेवला आणि सरळ वही उघडली. ओटीपी वेळेवरच पोहोचत होता, फक्त भलत्याच खिशात. पुढे एका फोनवर भावंडांची वेगवेगळी खाती आणि पहिल्या लॉगिननंतर चार आकडी पिन, अशी सोय करण्यात आली. डेव्हलपरांच्या दृष्टीने हे काम लहान नव्हते; तरीही त्या मुलीचा प्रसंग जसाच्या तसा सांगितल्यावर त्यावर कोणी वाद घातला नाही.

आकड्यांच्या बाबतीतही तसेच. गणिताच्या व्हिडिओंवर मुले पुष्कळ वेळ घालवतात, हे आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाई. प्रत्यक्षात मुले व्हिडिओ थांबवून उदाहरण वहीत उतरवून घेत होती आणि तो थांबलेला वेळही मोजला जात होता. त्यांना आणखी रंजक व्हिडिओ नको होता. सोडवलेले उदाहरण एका पानावर हवे होते.

शिवाय येथे वर्षाचे पंचांग शाळेचे असते. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सीईटी त्यानंतर, त्यामुळे जानेवारीत आणलेले कोणतेही फीचर यशस्वी ठरल्यासारखे भासते आणि परीक्षा संपल्यावर आणलेले फसल्यासारखे. मागच्या महिन्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच आठवड्यात निम्म्या विद्यार्थ्यांना नवे आणि निम्म्यांना जुने दाखवून पाहावे. अशा तुलनेचे, म्हणजे ए/बी चाचणीचे, महत्त्व मला पुस्तकातून नव्हे, या पंचांगामुळे कळले.

सातरस्ता :

मी सोलापुरात अकरावी-बारावी विज्ञानाचे क्लास घेतो, त्यामुळे समोरच्या बाजूने लिहितो. तुमच्या कंपनीचा विषय सीईटी आहे, तर रुजू होण्याआधी त्या परीक्षेचे स्वरूप स्वतः नीट पाहून घ्या. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' आणि अभियांत्रिकीच्या 'जेईई मेन' या परीक्षांत चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो. एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीत. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि भौतिक-रसायनाच्या प्रश्नाला एक. एका अ‍ॅपने (नाव लिहीत नाही) तिन्ही परीक्षांना गुण मोजण्याची एकच पद्धत वापरली होती. माझी मुले त्यावर सराव करून आली आणि खात्री नसलेले प्रश्न कोरे सोडू लागली. जेथे उत्तर ठोकून देण्यात काहीच तोटा नाही तेथे कोरे सोडणे म्हणजे हातचे गुण सोडणे. ती सवय मोडायला मला बराच वेळ लागला. तंत्राच्या दृष्टीने त्या अ‍ॅपमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. असा दोष टेस्टिंगमध्ये सापडत नाही, परीक्षा माहीत असलेल्या माणसालाच दिसतो.

दुसरे असे, की नवी वस्तू पोहोचवण्याचा मार्ग आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिला आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातील पुरस्कारापेक्षा योजना अधिक मोलाची वाटते. पुस्तक मुलांच्या हातात आधीपासूनच होते, शिक्षक ते रोज उघडायला लावत होते आणि कविता किंवा व्हिडिओ त्याच पानावरून उघडत होता. वेगळे अ‍ॅप रोज आठवणीने उघडायला लावण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. तुमची टीम रोज एक नोटिफिकेशन पाठवण्याचा विचार करत असेल, तर हे उदाहरण बैठकीत जरूर मांडा.

होटगीरोड :

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी थोडे सावध करते. 'प्रॉडक्ट इंटर्न' या नावाखाली माझ्याकडून दिवसभर पालकांना फोन करवून घेणारी कंपनी मी पाहिली आहे. पालकांशी बोलण्यात कमीपणा नाही, त्यातून ग्राहक कळतो. पण हातात विक्रीचे टार्गेट आणि तोंडी सांगण्याचा ठरीव मजकूर असेल तर ते प्रॉडक्टचे काम नव्हे. म्हणून होकार देण्यापूर्वी विचारून घ्या, की मी कोणाच्या हाताखाली काम करणार, डेटा स्वतः पाहण्याची परवानगी मिळेल का आणि मागच्या इंटर्नने लिहिलेले काही अ‍ॅपमध्ये आज दिसते का. शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती घुटमळली, तर काय समजायचे ते समजा.

आणखी एक बाब. तुमचे बहुतेक वापरकर्ते अठरा वर्षांखालील असणार. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, 2023 मध्ये मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंधन घातले आहे. 'फक्त एक रकाना वाढवू, शाळेचे नाव घेऊ' असे कोणी सुचवले, तर तो रकाना कशासाठी हवा हे आधी लिहून मागा.

बाळीवेसकर :

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. होटगीरोड ताईंनी सुचवलेले प्रश्न मी कंपनीला आजच पाठवतो. पूर्वभाग दादा, दोन शंका उरल्या आहेत : रुजू होण्यापूर्वी एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हव्या त्या नोंदी काढण्याची भाषा) कितपत शिकावे, आणि पुणे की सोलापूर?

पूर्वभाग :

जॉइन (तक्ते जोडणे) आणि ग्रुप बाय (नोंदींचे गट पाडणे) इथपर्यंत हात बसला तरी पुरे; बाकीचे काम करताना येते. फक्त सरासरी काढण्याआधी मूळ नोंदींच्या शंभरेक ओळी डोळ्यांखालून घालत जा. व्हिडिओचा थांबलेला वेळ आम्हाला तशाच ओळींत सापडला.

सुरुवातीला पुण्यात राहा, कारण डेव्हलपर आणि डिझायनर एखादी गोष्ट का नाकारतात हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही, आणि ऑनलाइन बैठकीत नकाराचे कारण कोणी पुरते सांगत नाही. नंतर मुभा असेल तर सोलापूरला या. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकाच वस्तीत भेटतात, आणि घरात एकच फोन असलेले विद्यार्थी शोधायला लांब जावे लागत नाही. टीमची बैठक असेल त्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री घरी परतता येते. गावी परतण्यापूर्वी डिझायनरला एकदा सोबत येण्याविषयी विचारा. आमच्याकडची डिझायनर आली होती, आणि पिनच्या पडद्यावरील अक्षरे तिने येथून गेल्यावरच मोठी केली.